एका पट्टीत दोन वाद्यं

मुलांनो, गेल्या आठवड्याच्या टपालात पाचवीतल्या एका मित्राचं पत्र होतं. अगदी छोटंसं. तो लिहितो की, वाढदिवसाला मामाने कीबोर्ड दिला आहे. त्यावर ‘ड्युअल’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की एकाच पट्टीतून पियानो आणि व्हायोलिन एकदम वाजतात. तर बाई, आत दोन वाद्यं बसवली आहेत का? आणि खाली ता. क. : ‘पप्पा म्हणतात, खोलून बघायचं नाही.’

पप्पांचं ऐक रे बाबा! आणि खोललंस तरी आत ना तार सापडेल, ना हातोडी. एक हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिप आणि दोन बाजूंना दोन स्पीकर, एवढाच संसार. बहुतेक कीबोर्डच्या चिपमध्ये खऱ्या वाद्यांच्या सुरांची ध्वनिमुद्रणं आकड्यांच्या रूपात भरून ठेवलेली असतात. तू पट्टी दाबलीस की चिप ते आकडे वाचते, हव्या त्या उंचीचा सूर तयार करते आणि स्पीकरकडे पाठवते. एका पट्टीला एक मुद्रण वाजवायचं की दोन, एवढं सांगायचं काम त्या बटणाचं. काही कीबोर्डवर त्याला ‘ड्युअल’ म्हणतात, काहींवर ‘लेअर’. लेअर म्हणजे थर. चपातीला पदर असतात ना, तसे आवाजाला पदर.

ही युक्ती काही चिपवाल्यांनी काढलेली नाही, बरं का! तुमच्या शाळेतली जुनी पेटी आठवा. म्हणजे आपली हार्मोनियम. तिच्या समोरच्या गोल खुंट्या ओढून पाहिल्या आहेत कधी? डबल रीडच्या पेटीत सुरांच्या पितळी पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, एक खर्जाची आणि एक त्याच्या वरच्या सप्तकाची. एक खुंटी ओढली की एक रांग वाजते. दोन ओढल्या की एकाच बोटाखाली दोन सूर, आणि आवाज कसा भरदार! कपलर लावलेली पेटी असेल तर आणखी गंमत. तुम्ही एक पट्टी दाबता आणि शेजारच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते, जणू कुणी अदृश्य माणूस शेजारी बसून वाजवतोय. लहानपणी मी आमच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवर हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बुवांना विचारलं होतं, ‘आत कोण आहे?’ बुवा म्हणाले, ‘पांडुरंग.’ मी बरीच वर्षं ते खरं मानत होते.

असो. आता खरा प्रश्न. दोन आवाज एकत्र लावायचे, तर कोणते लावायचे? त्यासाठी आधी आवाज कापून बघायला हवा.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. शिपाईमामा तिच्यावर लोखंडी दांडा मारतात. आधी ‘ठण्’ आणि मग लांबत जाणारं ‘ण्ण्ण्’. घंटा आपण ओळखतो ती कशावरून? ‘ठण्’वरून की ‘ण्ण्ण्’वरून? १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर नावाच्या अभियंत्याने हेच करून पाहिलं. घंटेच्या आवाजाचं मुद्रण घेतलं आणि सुरुवातीचा ठोका वगळून फक्त शेपूट वाजवलं. ती घंटा वाटेचना! फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा आवाज आला.

तुम्हांलाही हे घरी करता येईल. स्टीलची वाटी बोटांच्या टोकांवर तोला, चमच्याने एक टोला द्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मग सुरुवातीचा ठोका कापून टाका. (हे कापायचं काम घरातल्या मोठ्या माणसाला विचारून.) उरलेलं आजीला ऐकवा आणि म्हणा, ओळख पाहू! माझ्या आजीने ‘विमान’ असं उत्तर दिलं होतं.

आवाजाच्या या आयुष्याचे चार भाग मानतात. तो उठतो तो अ‍ॅटॅक, उठल्यावर जरा खाली येतो तो डिके, पट्टी दाबलेली असेपर्यंत टिकतो तो सस्टेन आणि बोट उचलल्यावर विरत जातो तो रिलीज. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून तो उठतो झटकन, पण लगेच विरायला लागतो. पट्टी कितीही दाबून धरा, तो काही थांबत नाही. व्हायोलिनचं उलट. गज फिरायला लागला की सूर हळू फुलतो आणि गज चालू आहे तोवर टिकतो. आता दोघांना एका पट्टीत बसवा. सुरुवात पियानोची, शेपूट व्हायोलिनचं. एकजण दमतो तेव्हा दुसरा सूर उचलून धरतो. म्हणून तर पियानो आणि स्ट्रिंग्ज (म्हणजे व्हायोलिनचा अख्खा ताफा) ही जोडी जगभर वाजते. याउलट बासरी आणि व्हायोलिन एकाच सप्तकात लावून पाहा. दोघंही हळू उठणारे, दोघंही टिकणारे. दोघांचं एकाच वेळी बोलणं सुरू!

जपानच्या रोलँड कंपनीने १९८७ मध्ये डी-५० नावाचा सिंथेसायझर आणला, तो याच गोष्टीवर उभा होता. तेव्हा चिपमधली जागा फार महाग. मग त्यांनी खऱ्या वाद्याचं मुद्रण ठेवलं ते बऱ्याच ठिकाणी फक्त सुरुवातीच्या ठोक्यापुरतं आणि पुढचा लांब सूर यंत्राकडून तयार करून त्याला जोडला. कानाला वाटायचं, सगळंच खरं.

हे सगळं मला आता माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं आणि त्यामुळे जे झालं, ते आज तुम्हांला सांगून टाकते.

आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने कीबोर्ड भेट दिला. परिपाठाला मी पेटी वाजवत असे, त्यामुळे तो आपसूकच माझ्याकडे आला. डिसेंबरच्या अखेरीस स्नेहसंमेलन होतं. आमच्या वर्गाने पावसाचं एक गाणं स्वतः रचलं होतं. धृपद सगळ्यांनी म्हणायचं आणि कडवी एका मुलीने. सहावीतली मुलगी, बारीक पण फार गोड आवाज, काळी चारमध्ये सहज गायची. वडील एस.टी.त कंडक्टर. तिचं गाणं आहे म्हणून त्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती. आले ते खाकी गणवेशातच आणि मंडपाच्या अगदी मागे, खांबाला टेकून उभे राहिले.

नवा कीबोर्ड हातात आल्यावर माणसाचं काय होतं, ते तुम्हांला सांगायला नकोच. मी उजव्या हाताला पियानो लावला, त्यावर स्ट्रिंग्जचा थर दिला. पट्ट्या दोन भागांत वाटायचं बटण असतं, त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. ते दाबून डाव्या हाताला गायकांचा ‘आऽऽ’ दिला. शिवाय ठेका, ठेक्याबरोबर आपोआप वाजणारी साथ आणि वर भरपूर घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. सगळ्यांची पातळी शंभराच्या पुढे. खुर्चीत बसून ऐकलं, तर मला थेट सिनेमातलं संगीत वाटलं.

गाणं झालं. टाळ्या पडल्या. ती मुलगी पायऱ्या उतरून आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात तिचे वडील आले. भला माणूस. म्हणाले, ‘बाई, कार्यक्रम झकास झाला. वाद्यं तर लई भारी. पण आमची पोरगी गायली का?’

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. ती हलताना दिसत होती, तोंड उघडत होती, पण त्यांना ऐकू आलं ते फक्त माझं वाजवणं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

असं का झालं? स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना आईने हाक मारली तर ऐकू येत नाही, तसंच. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या उंचीच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. स्ट्रिंग्ज मी नेमक्या तिच्याच सप्तकात वाजवत होते. घुमारा मंडपाचा होताच, त्यात मी कीबोर्डचा घातला. तिच्या शब्दांची टोकं त्यात विरघळून गेली.

आणखी एक घोटाळा झाला होता. दुसऱ्या कडव्यात पियानोचे सूर मधेच गळायला लागले होते. मला वाटलं, पट्टी बिघडली. पट्टी ठीक होती. आमचा कीबोर्ड एका वेळी ३२ सूर वाजवू शकतो. थर दिला की एक बोट दोन सूर खातं. काही आवाज एकटेच दोन सुरांचे असतात. ठेका, साथ, डावा हात आणि विरत जाणारे मागचे सूर, सगळे त्याच ३२ मधले वाटेकरी. ताट भरलं की कीबोर्ड सहसा जुना सूर सोडतो आणि नवा घेतो. आपल्याला वाटतं, वाद्य अडखळलं.

सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनानंतर तेच गाणं पुन्हा म्हणायचं ठरलं. मीच मुख्याध्यापकांकडे मागून घेतलं. मधले शनिवार आमचे. सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच-सहाजणी मागे थांबायचो.

पहिल्या शनिवारी मी एकच बदल केला. खुर्चीत बसून ऐकायचं बंद केलं. कीबोर्डचे स्पीकर वाजवणाऱ्याच्या पुढ्यात असतात, त्यामुळे त्याला सगळं गोडच लागतं! गाणारी मुलगी वर्गाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली, तिच्या जागी तिची मैत्रीण गायली आणि मी वाजवलं. दारातून ती हात वर-खाली करून सांगायची. डाव्या हाताचा ‘आऽऽ’ पहिल्या दहा मिनिटांतच गेला. आपोआप वाजणारी साथही गेली. नुसता ठेका आणि डाव्या हाताने एकेक खालचा सूर, एवढं ठेवलं. सूर गळणंही थांबलं.

मग स्ट्रिंग्जची पाळी. दुसऱ्या आवाजाला स्वतःची वेगळी पातळी असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! बटणाखालच्या यादीत शोधलं तेव्हा सापडलं. पातळी ० ते १२७ अशी असते. एका मुलीने विचारलं, ‘बाई, शंभर का नाही?’ चांगला प्रश्न. दोनला दोनने गुणत जा : २, ४, ८... सातव्यांदा १२८ येतात. यंत्र ० आणि १ अशा दोनच अंकांत मोजतं, आणि सात घरांत त्याला शून्यापासून १२७ पर्यंतच मोजता येतं. कीबोर्ड एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या ‘मिडी’मध्ये हीच मोजणी ठरली. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड तारेने जोडले, एक वाजवला आणि दोन्ही बोलले. त्यामागच्या दोघांना, जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना, २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मोठमोठे कलावंत या तारेने दोन-तीन कीबोर्ड जोडून थर द्यायचे. आज ते एका बटणात मिळतं, म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही.

तर, आम्ही पियानो १०० वर ठेवला आणि स्ट्रिंग्ज ४५ वर आणल्या. मग त्यांना एक सप्तक खाली नेलं. पांढरी सहाची तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावत असेल, तर एक सप्तक खाली ती २२० वेळा. आता त्या मुलीच्या आवाजाखाली जाऊन बसल्या, चटईसारख्या. पण ४५ वरही जरा जास्तच वाटत होतं, कारण खालचा आवाज वरच्याला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. म्हणून ३८ केलं. आमच्या कीबोर्डवर अ‍ॅटॅकही बदलता येतो. तो थोडा मंद केला. आता शब्दाचं पहिलं अक्षर निघून जायचं आणि मग स्ट्रिंग्ज यायच्या.

आणि बरोबर त्याच वेळी वीज गेली. परत आली तेव्हा कीबोर्ड कोऱ्या पाटीसारखा. पियानो, बाकी काही नाही! सगळे आकडे पुसले गेले. मला रडूच यायचं बाकी होतं. पण एका मुलीने शांतपणे गणिताची वही उघडली. तिने सगळं मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं : ‘पि. १००, स्ट्रिं. ३८, सप्तक उणे १.’ तेव्हापासून आमचा नियम : आधी वहीत, मग कीबोर्डच्या आठवणीत. बऱ्याच कीबोर्डवर मांडणी साठवायची बटणं असतात. ती न दाबता वीज गेली, तर सगळं पाण्यात.

तिसऱ्या शनिवारी मी अजून आकड्यांशी खेळत होते. ३८ की ३६? रिव्हर्ब वीस की पंधरा? दारात उभी असलेली आमची गायिका कंटाळली असावी. ती पुढे आली आणि म्हणाली, ‘बाई, मी एकटी गाते तेव्हा ते दोन नंबरचं वाद्य बंदच ठेवलं तर? सगळे गातात तेव्हा लावा.’

मी तीन शनिवार खर्च केले होते! बटण सुरू करायला असतं, तसं बंद करायलाही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही दोन मांडण्या साठवल्या. एक नंबरवर नुसता पियानो, दोन नंबरवर पियानो आणि स्ट्रिंग्ज. कडव्याला एक, धृपदाला दोन. आणि गंमत अशी की, स्ट्रिंग्ज अध्येमध्ये गप्प बसू लागल्यावर, येतील तेव्हा छान वाटू लागल्या.

पालकांसाठी दोन शब्द. मुलांसाठी कीबोर्ड घ्यायला गेलात की दुकानदार सांगेल, यात सहाशे आवाज आहेत. असू देत. तुम्ही एवढंच बघा : बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होतो का, दुसऱ्या आवाजाची पातळी वेगळी बदलता येते का, मांडणी साठवता येते का आणि हेडफोनला भोक आहे का. हे शेवटचं तुमच्यासाठीच. आणि घरात आजोबांची पेटी असेल, तर तीही माळ्यावरून खाली काढा. भात्यात उंदराने भोक पाडलं असेल तर दुरुस्त होतं.

सव्वीस जानेवारीला गाणं झालं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या शिपाईमामांनी हात वर करून खूण केली. आमचं तसं आधीच ठरलं होतं, ऐकू आलं तर एक हात, शब्दही कळले तर दोन. दोन हात वर होते!

तिचे वडील मात्र त्या दिवशी मुक्कामी गाडीवर होते. आईने मोबाइलवर गाणं घेतलं आणि त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ते फाटकाशी थांबले होते. म्हणाले, ‘बाई, ऐकली पोरगी. डेपोत सगळ्यांना ऐकवली. पण मागची ती व्हायोलिनं काय काढूनच टाकली का? एकदाबी वाजली नाहीत.’

वाजली होती. धृपदाला प्रत्येक वेळी. मी त्यांना म्हटलं, आज घरी कानाला हेडफोन लावून ऐका. संध्याकाळी मुलीच्या हाती निरोप आला : ‘आहेत, आहेत.’

मग मोबाइलच्या स्पीकरने ती कुठे गिळली? सप्तक खाली नेलेल्या स्ट्रिंग्जच का गेल्या, तिचा आवाज का नाही गेला? विचार करून ठेवा. पुढच्या अंकात आपण एक जुना इअरफोन, एक कागदी पेला आणि स्टीलचा डबा घेऊन बसणार आहोत. डबा रिकामा हवा, आईला आधी विचारा!

— तुमच्या बाई